एक्केचाळीस सेकंद

पियानोच्या झाकणावर कलश मांडला होता. पितळी तांब्या, त्यात पाणी, पाण्यात विड्याची पाच पानं, वर नारळ. तांब्याखाली ब्लाऊजपीस होता आणि झाकणाच्या कडेने झेंडूच्या ओल्या माळा सोडलेल्या होत्या. कार्यक्रमाला चाळीस मिनिटं उरली होती.

"सर, हा तांब्या आधी खाली घ्यायला सांगा," मी म्हणाले.

"आत्ताच पूजा झालीय, मॅडम. लगेच कसा हलवायचा?"

"पाणी आत गेलं तर तारांचं वाटोळं होईल."

"आत कशाला जाईल? झाकण आहे की."

हे झाकण वाजवण्यापूर्वी उघडतात आणि काठीवर टेकवतात, हे मी पगार सरांना दुपारपासून तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी पियानोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी एखाद्या देवळाचा कळस उतरवायला सांगत होते, असा त्यांचा चेहरा होता. शेवटी मुंबईहून पियानोबरोबर आलेला ट्यूनर पुढे झाला. त्याने तांब्या, नारळ, पानं सगळं मुकाट्याने उचलून विंगेतल्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि माळांच्या पाकळ्या एकेक करून वेचायला लागला. तीन पाकळ्या आत गेल्याच होत्या. त्याने त्या पेनाच्या टोकाने काढल्या.

पगार सर आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. हाडाचे मुख्याध्यापक. निवृत्तीनंतरही समोरच्या माणसाला रांगेत उभं करायची त्यांची सवय गेली नव्हती. मी त्यांच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते, म्हणजे दर जूनला माझी नेमणूक नव्याने व्हायची आणि ती त्यांच्या सहीने व्हायची. वय चोवीस. नाशिकच्या त्या नाट्यगृहात रशियन ऑर्केस्ट्रा येणार, आयोजक आमची संस्था, आणि मंचामागची व्यवस्था माझ्याकडे, असं ते प्रकरण होतं.

माझ्याकडे का, तर चांदवडकर काकांमुळे.

काका ओझरच्या विमान कारखान्यात तेहेतीस वर्षं होते. तरुणपणी प्रशिक्षणासाठी अकरा महिने मॉस्कोला राहून आले होते आणि रशियन उत्तम बोलायचे. ऑर्केस्ट्रा मुंबईहून दिल्लीला जाणार आहे आणि मधे दोन दिवस मोकळे आहेत, हे त्यांना कुठून तरी कळलं. पाच महिने त्यांनी पत्रं लिहिली, फोन केले, दूतावासात जाऊन बसले. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी याच नाट्यगृहात फुगे फोडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं, तेही त्यांनी शोधून काढलं. एक पूर्णांक चार सेकंद, रिकाम्या सभागृहात. एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "फुगे फोडणारी मुलगी इथेच राहते का?"

त्यांचं काम साधं होतं. पहिल्या अर्ध्या भागात रॅखमानिनॉव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो होता, मध्यंतरानंतर चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी. सिंफनीचे चार भाग. तिसरा भाग इतक्या दणक्यात संपतो, की कोणालाही वाटावं, झालं. लोक उठतात, टाळ्या वाजवतात. आणि मग चौथा सुरू होतो, जो अगदी हळू आहे आणि शेवटी विझत जातो.

"तिसऱ्यानंतर लोकांना उठू द्यायचं नाही," काका म्हणाले. "चौथा भाग शेवटपर्यंत, शांततेत. बाकी कार्यक्रमाचं काय व्हायचं ते होऊ दे."

मी विचारलं, एवढं काय त्यात.

"माझा ऐकायचा राहिलाय तो."

"तुमच्याकडे रेकॉर्ड आहे म्हणालात."

"रेकॉर्डवर ऐकलाय. हॉलमध्ये राहिलाय."

हे मला कारण वाटलं नाही, पण मी हो म्हटलं, आणि पुढचे सहा आठवडे त्याचा पश्चात्ताप केला. काका सकाळी साडेसहाला फोन करायचे. दारं बाहेरून लावली तर चालेल का. तिकिटावर छापता येईल का. तिसरा भाग त्यांच्या रेकॉर्डवर नऊ मिनिटं चार सेकंदांचा आहे, पण हे लोक जलद वाजवत असतील तर? मी म्हटलं, काका, दारं लावणं अग्निशमनाच्या नियमात बसत नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन, की नियम वाचला, बसत नाही हे बरोबर आहे, मग दारात माणूस उभा केला तर?

दुसऱ्या बाजूला पगार सर. सुरुवातीला एक सूचना द्यावी, की भागांच्या मधे टाळ्या वाजवू नयेत, एवढं मी सुचवलं. सर म्हणाले, "परगावचे कलाकार आपल्या दारात येणार, आणि आपण आपल्याच माणसांना सांगायचं की टाळ्या वाजवू नका? लोक म्हणतील, नाशिककरांना दाद देता येत नाही." मी म्हटलं, सर, तिकडे तशीच रीत आहे. ते म्हणाले, इकडे इकडची रीत आहे. ठरावीक मुद्द्यानंतर पगार सरांशी वाद घालणं म्हणजे भिंतीला धडक देऊन भिंतीची जाडी मोजणं.

म्हणून मी तक्ता केला. एका पानावर पूर्ण कार्यक्रम, मिनिटांसह. दीपप्रज्वलन, भाषणं, कॉन्चेर्टोचे तीन भाग, मध्यंतर, सिंफनीचे चार भाग. प्रत्येकाची सुरुवात, प्रत्येकाचा शेवट, दिवे केव्हा मंद, केव्हा पूर्ण. तिसऱ्या भागाच्या ओळीत लिहिलं: "८.१५. इथे टाळ्या पडतील. कार्यक्रम संपलेला नाही." प्रती काढून सगळ्यांना वाटल्या. पगार सरांना एक दिली आणि ती ओळ वाचूनही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, आणि "फार छान, अगदी मुद्देसूद," असं म्हणून घडी करून खिशात ठेवली. मला वाटलं, काम झालं.

कार्यक्रम पंचवीस मिनिटं उशिरा सुरू होणार हे मी धरूनच चालले होते, आणि तो बरोबर पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते माजी मंत्री होते आणि सगळे त्यांना नुसते साहेब म्हणत. ते मध्यंतरापर्यंत पोहोचतील, त्यांच्या हस्ते पाहुण्या कलाकारांचा सत्कार मध्यंतरातच उरकू, असं सर म्हणाले. तेही मी तक्त्यात मांडलेलं होतं.

पियानो वाजवणारी मुलगी माझ्याच वयाची असावी. ती येऊन बसली, हात मांडीवर ठेवून थोडा वेळ थांबली. कॉन्चेर्टोच्या सुरुवातीला पियानो एकटाच असतो. लांबच्या घंटेसारखे सूर, एकामागून एक, दरवेळी थोडे जवळ आलेले. मी विंगेत उभी होते. तळव्यांखालच्या लाकडी फळ्यांतून ते मला आधी जाणवले आणि मग ऐकू आले. फुगे फोडून जे मोजलं होतं त्याचा असाही उपयोग असतो, हे पहिल्यांदाच कळलं. तेवढ्यात सहाव्या रांगेत कोणाचा तरी मोबाईल वाजला.

पहिल्या भागानंतर टाळ्या पडल्या. दुसऱ्यानंतर, जो इतका हळुवार संपतो की श्वास रोखावा, त्यानंतरही पडल्या, आणि मागून एका आजोबांचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर." संगीत नाटकं बघून मुरलेला आवाज होता तो. त्या मुलीने चमकून कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर किरील अर्काद्येविच, साठीचे, उंच, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी प्रेक्षकांकडे वळून किंचित मान झुकवली. तिसऱ्या रांगेत कडेला काका बसले होते. ते अजिबात हलले नव्हते. मध्यंतरात मी त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "हे चालेल. तिसऱ्याचं बघ फक्त."

मध्यंतरात साहेब आले नाहीत.

सिंफनी सात चाळीसला सुरू झाली. अगदी तक्त्याप्रमाणे. पहिला भाग चालू असताना मागच्या दारातून गडबड ऐकू आली, कोणीतरी कोणाला तरी नमस्कार करत होतं. साहेब आले होते. दुसऱ्या भागात पगार सर विंगेत माझ्याजवळ आले. हातात ताट होतं. ताटात शाल, गुलाबांचा गुच्छ, आणि पियानोवरचाच तो नारळ. सर दबक्या आवाजात म्हणाले, की साहेबांना सव्वाआठला निघायचंच आहे, पुढे लग्न आहे.

"मग शेवटी कोणी दुसऱ्यांनी करावा सत्कार," मी म्हणाले. "शेवट आठ सत्तावीसला आहे."

"तशी गरज नाही," सर म्हणाले आणि त्यांनी खिशातून माझा तक्ता काढला. "तुम्ही सोय केलेलीच आहे."

तिसऱ्या भागाच्या ओळीवर लाल शाईची रेघ होती. "इथे टाळ्या पडतील" याच्याखाली दोन रेघा. आणि शेजारी, मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात: सत्कार.

मी पुढचं वाक्य बोट ठेवून दाखवलं. कार्यक्रम संपलेला नाही.

"हो, मग ते होऊ दे ना नंतर. सत्कार झाला की वाजवतील उरलेलं. दहा मिनिटांचं तर आहे."

मी सांगितलं की ते असं तोडता येत नाही, कंडक्टर मधे थांबणार नाहीत, त्यांचं लक्ष त्या वेळी पुढच्या भागात असतं. मी हेही सांगितलं की काकांना मी शब्द दिलाय. सर म्हणाले, चांदवडकरांनाच बोलावणार आहोत वर, भाषांतराला. त्यांचाही मान. एवढ्यात तिसरा भाग सुरू झाला आणि त्या आवाजात पुढचं बोलणं अशक्य झालं.

तिसरा भाग म्हणजे एक मोर्चाच आहे. आधी लांबून चाहूल येते, मग तो वळण घेतो, मग समोर येऊन उभा राहतो. झांजा, ढोल, पितळी वाद्यं. शेवटच्या मिनिटात लोक खुर्च्यांच्या कडेला सरकलेले मला दिसत होते. शेवटचे चार ठोके पडले आणि सभागृह उठलं. टाळ्या, शिट्ट्या, मागून परत एकदा वन्स मोअर. आणि मी सहा आठवडे ज्याची भीती धरली होती ते सगळं एकदम झालं. मागच्या रांगांतले लोक दाराकडे निघाले. पार्किंगमधली गाडी गर्दीआधी काढलेली बरी, हे नाशिकचं ज्ञान आहे. साहेब मंचाच्या पायऱ्या चढले. पगार सर ताट घेऊन त्यांच्या मागोमाग गेले आणि डाव्या बाजूच्या माईकसमोर उभे राहिले.

कंडक्टर प्रेक्षकांकडे पाठ करूनच उभे होते. हात वर उचललेले. वादकांनी गज तारांवर टेकवले होते. त्यांना वाटत होतं, टाळ्या ओसरतील.

"आजच्या या देदीप्यमान सोहळ्याच्या सांगतेच्या क्षणी," पगार सर म्हणाले, "मी आपले ज्येष्ठ बंधू चांदवडकर काका यांना विनंती करतो, की त्यांनी व्यासपीठावर येऊन..."

कंडक्टरांचे हात खाली आले.

काका उठले. ते पायऱ्या चढताना मला बाजूने दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते साहेबांकडे नाही, कंडक्टरकडेही नाही, मागच्या दाराकडे बघत होते. तिथून माणसं बाहेर पडत होती. पगार सरांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि माईकमध्ये म्हणाले, "माननीय साहेबांच्या शुभहस्ते..."

साऊंडचा मिक्सर माझ्यापासून दोन हातांवर होता. आवाजाची मुख्य सरकपट्टी लाल रंगाची असते. मी ती खाली ओढली. साऊंडवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेऊन छताकडे बघायला लागला.

जूनमध्ये माझी नेमणूक झाली नाही. विद्यार्थीसंख्या कमी झाली असं पत्रात होतं, आणि ती खरंच कमी झाली होती. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करता येत नाही.

सरांचे ओठ हलत राहिले. त्यांनी माईकवर टिचकी मारली. तेवढ्या वेळात काका नारळ हातात घेऊन कंडक्टरजवळ गेले आणि हळू आवाजात रशियनमध्ये काहीतरी बोलले. मग प्रेक्षकांकडे वळले. तेहेतीस वर्षं ते रिवेट मारणाऱ्या यंत्रांच्या आवाजावर बोलले होते. त्यांना माईक लागत नव्हता.

"बसा," ते म्हणाले. "संपलेलं नाही."

लोक बसले. दारातले तिथल्या तिथे उभे राहिले. कंडक्टरांनी हात उचलले आणि चौथा भाग सुरू झाला.

मंचावरून उतरायची एकच वाट होती आणि ती पहिल्या व्हायोलिनवाल्यांच्या पुढ्यातून जात होती. पगार सर एक पाऊल टाकून थबकले. मग ते तिघं तिथेच उभे राहिले. साहेबांच्या हातात गुलाबांचा गुच्छ, सरांच्या हातात घडी केलेली शाल, काकांच्या हातात नारळ. शाळेत वर्गाबाहेर उभी केलेली मुलं उभी राहतात तसे. ऑर्केस्ट्रा त्यांच्यापासून सहा फुटांवर होता आणि रडत होता, याहून नेमका शब्द मला आजही सापडलेला नाही.

पहिली दोन मिनिटं साहेब घड्याळ बघत होते. नंतर बघायचे थांबले. सरांनी शाल छातीशी धरली होती. काकांनी डोळे मिटले नव्हते. ते वर, बाल्कनीकडे, एकाच जागी पाहत होते. तिथे कोण आहे म्हणून मीही वाकून पाहिलं. रिकाम्या खुर्च्या होत्या.

शेवटाकडे मोठी थाळी एकदाच वाजते, फार हळू. मग सगळं खाली खाली उतरत जातं. उरतात ती फक्त चेलो आणि सर्वांत मोठी तंतुवाद्यं, आणि तीही, दिवा मालवावा तशी नाही, तर दिव्यातलं तेल संपावं तशी. मी स्टॉपवॉच हातात घेतलं होतं. शेवटानंतरची शांतता किती टिकते ते काकांनी मोजायला सांगितलं होतं. भरलेल्या सभागृहात आवाज विरायला रिकाम्याहून कमी वेळ लागतो. तेवढा सोडला आणि बटण दाबलं.

पाच सेकंद. दहा. कंडक्टरांचे हात अजून छातीपाशी होते. पंधरा. मी आयुष्यात एवढी माणसं एवढी गप्प ऐकलेली नाहीत. वीस. मग विंगेजवळच्या रांगेतून कुजबुज आली.

"अजून आहे का हो?"

"कोणास ठाऊक. मघाशीपण संपलं असंच वाटलं होतं."

"पाचवा असेल."

"गप्प बसा. पुन्हा ओरडतील ते काका."

तीस. कंडक्टरांनी हात खाली सोडले. तरी कोणी हललं नाही. पस्तीस. ते प्रेक्षकांकडे वळले. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि नऊशे माणसं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती, कारण फसायची वेळ एकदाच येते. चाळीस. पगार सर पुढे झाले आणि त्यांनी शाल कंडक्टरांच्या खांद्यांवर घातली.

शाल पडली की कार्यक्रम संपतो, हे मात्र सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं. मी बटण दाबलं. त्यानंतरच्या टाळ्यांत काहीच मोजता येण्यासारखं नव्हतं.

गर्दीत काका कंडक्टरांचा हात धरून एकच वाक्य बोलले. छोटं होतं. कंडक्टरांनी मान हलवली आणि त्यांना मिठी मारली, नारळासकट. नंतर ऑर्केस्ट्राबरोबर आलेल्या दुभाष्याकरवी त्यांनी आम्हाला सांगितलं, की इतकी शांतता त्यांना आजवर कुठेच मिळाली नव्हती. पगार सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चार भाग असतात हे आधी नीट सांगायला हवं होतं, मॅडम." मी म्हटलं, "सर, माईक मी बंद केला." ते म्हणाले, "कळलं मला. साऊंडवाल्यात तेवढी धमक नाही."

साहेब लग्नाला पोहोचले की नाही ते कळलं नाही.

काकांना मी बाबांच्या मारुतीतून घरी सोडायला निघाले. त्यांच्या मांडीवर नारळ होता. गंगापूर रोडच्या सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारलं, किती.

"एक्केचाळीस सेकंद."

"आणि कारण?"

मी खोटे आकडे सांगत नाही, पण आकड्यामागचं कारण न सांगणं खोटं होतं का, हे ठरवेपर्यंत सिग्नल सुटला. मी म्हटलं, "मी फक्त वेळ मोजली."

"पाचवा भाग आहे असं वाटलं त्यांना," काका म्हणाले. "मीही ऐकलं. कान शाबूत आहेत माझे." आणि ते हसायला लागले. मी त्यांना सहा आठवड्यांत हसताना पाहिलं नव्हतं. "असू दे. थांबले ना?"

मग त्यांनी ते सांगितलं, समोरच्या काचेतून बघत, एखाद्या यंत्राचा बिघाड समजावून द्यावा तसं.

मॉस्कोत त्यांना काम शिकवायला गेन्नादी पेत्रोविच नावाचे उस्ताद होते. बोटं जाड, पण कानस अशी चालवायचे की लोखंड लोण्यासारखं निघावं. हे चौघं मराठी प्रशिक्षणार्थी त्यांच्या हाताखाली. एका शुक्रवारी त्यांनी चौघांना चार तिकिटं दिली. पुढच्या रांगांतली, त्यांच्या खात्याच्या वाट्याची. स्वतः वर बाल्कनीत बसणार होते. देताना ते भावाबद्दल काहीतरी बोलले. भाऊ युद्धात गेला होता, एवढं चौघांना माहीत होतं. बाकीच्यातला एकच शब्द नीट कळला, "शेवट." शेवट ऐका, असं काहीतरी.

"तिसरा भाग संपला. आम्ही उठलो, खूप टाळ्या वाजवल्या. आमचा एक जण म्हणाला, चला, ओव्हरकोट घेऊ, मग रांग लागते. खाली कोटांच्या खिडकीवर कोणीही नव्हतं. काय नशीब, असं म्हणालो. तिथली बाई हाताने वर दाखवून काहीतरी सांगत होती. आम्ही तिला धन्यवाद म्हटलं आणि कँटीन बंद व्हायच्या आत जेवायला गेलो."

मी गाडी त्यांच्या फाटकाशी उभी केली. त्यांनी दार उघडलं नाही.

"दुसऱ्या दिवशी उस्तादांनी विचारलं, आवडलं का. आमचं रशियन तेव्हा कच्चं. पण आम्ही चौघांनी मिळून वाक्य जुळवून ठेवलं होतं. शेवट फार छान होता."

"मग?"

"मग काही नाही. हं म्हणाले. माझ्या हातातली कानस सरळ केली आणि पुढच्या बाकाकडे गेले." त्यांनी मांडीवरचा नारळ फिरवला. "बाल्कनीतून पुढच्या रांगा स्वच्छ दिसतात. चार खुर्च्या, शेवटची दहा मिनिटं रिकाम्या. मला हे चार वर्षांनी कळलं. इथे, नाशिकला. सोव्हिएत पुस्तकांच्या गाडीवर रेकॉर्ड घेतली, घरी लावली, मोर्चा संपला, मी सुई उचलायला गेलो, तर पुढे अजून होतं."

काकांनी उस्तादांना पत्र लिहिलं होतं. कारखान्याकडून उत्तर आलं, की ते निवृत्त झाले आहेत आणि पत्ता उपलब्ध नाही.

मी विचारलं, की आज शेवटी ते कंडक्टरांना काय म्हणाले.

"तेच वाक्य," काका म्हणाले. "आता मला याहून चांगलं रशियन येतं. तरी तेच म्हटलं."

ते उतरले. फाटकाच्या दिव्याखाली थांबून त्यांनी नारळ कानाशी नेला, हलवून आत पाणी आहे का ते ऐकलं, आणि घरात गेले.